खुल्या दाराची राखण

२२ फेब्रुवारी २०२४ रोजी गूगल कंपनीने यूजनेट या जुन्या जागतिक चर्चाव्यवस्थेशी असलेला आपला संबंध तोडला. तेथील जुने लेखन वाचण्याची सोय कंपनीने राखली. नवे लेखन स्वीकारणे व दाखवणे मात्र बंद केले. लोक नव्या साधनांकडे वळले, खरी चर्चा ओसरली आणि उरलेल्या मजकुरात अनाहूत जाहिरातींचा भरणा झाला, अशी कारणे देण्यात आली. एके काळी विद्वानांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांना मुक्तद्वार असलेल्या या व्यासपीठाची अशी अवस्था का व्हावी, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही. जेथे जेथे चार माणसे खुलेपणाने बोलू पाहतात, तेथे तेथे तो उभा राहतो.

यूजनेटची कल्पना १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांना सुचली. या व्यवस्थेला मालक नव्हता. एका संगणकाने आपल्याकडील मजकूर शेजारच्या संगणकाला द्यावा, त्याने तो पुढे धाडावा, एवढाच व्यवहार. गणितापासून पाककलेपर्यंत हजारो विषयांचे गट तेथे निर्माण झाले. परदेशी विद्यापीठांत शिकणारी भारतीय मुले तेथे भेटत. मराठी भाषकांचाही एक स्वतंत्र गट होता. शिस्त होती ती केवळ संकोचाची. प्रत्येक सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, थोडा गोंधळ घालत आणि जुन्यांच्या चार बोलांनी रुळत.

१२ एप्रिल १९९४ रोजी हा संकोच संपला. ॲरिझोना राज्यातील एका वकील दांपत्याने अमेरिकेच्या ‘ग्रीन कार्ड’ सोडतीसाठी अर्ज भरून देण्याची आपली जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत एकाच वेळी टाकली. सोडतीचा अर्ज कोणालाही स्वतः करता येण्याजोगा होता, हा भाग वेगळा. संतप्त वाचकांच्या पत्रांचा असा पूर लोटला की ज्या कंपनीकडून या दांपत्याने जोडणी घेतली होती, तिची यंत्रणा कोलमडली आणि तिने त्यांचे खाते बंद केले. दांपत्याला त्याची खंत नव्हती. त्यांनी त्याच वर्षी या मार्गाने पैसा कसा मिळवावा याचे पुस्तकच काढले.

येथे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. टपालाने जाहिरात धाडणाऱ्याला प्रत्येक पाकिटावर तिकीट लावावे लागते, म्हणून तो हात आखडून खर्च करतो. संगणकावर मात्र धाडणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य. साठवणुकीचा व वेळेचा सारा भुर्दंड पडतो तो घेणाऱ्यावर. लाखांत एखादे गिऱ्हाईक मिळाले तरी धंदा फायद्यात! अशा व्यवहाराला सभ्यतेचे आवाहन करून काय होणार?

यावर पहिला उपाय प्रत्येकाने स्वतःपुरता केला. नकोशा लेखकाचे नाव एका यादीत घालावे, म्हणजे त्याचा मजकूर आपल्याला दिसत नाही. पण ही डोळ्यांवर ओढलेली पट्टी झाली. नवख्या वाचकाला दारातला उकिरडा दिसतच राहतो आणि तो पाठ फिरवतो. म्हणून काही स्वयंसेवकांनी असा मजकूर सर्वांसाठीच रद्द करण्याचे काम अंगावर घेतले. इतरांचे लिहिणे पुसण्याचा अधिकार यांना कोणी दिला, हा आक्षेप लगेच आला आणि तो रास्तच होता.

त्यातून निघालेला तोडगा मोठा मार्मिक आहे. मजकुरात काय लिहिले आहे याचा विचारच करायचा नाही. तो किती वेळा टाकला एवढेच मोजायचे. एकच मजकूर ४५ दिवसांत २० वेळा स्वतंत्रपणे टाकला, की मर्यादा भरली. एकच प्रत नऊ गटांना मिळून दिली, तर ती तीन धरायची. नऊ प्रती सुट्या टाकल्या, तर नऊ. धर्मप्रचार असो, औषधाची जाहिरात असो की क्रांतीचा जाहीरनामा, मोजपट्टी सर्वांना सारखीच. सत्ता हाती आली तरी तिला मताचा वास लागू नये, याची ही तजवीज होती. ती सर्वत्र पाळली गेली नाही. रद्द करण्याचे तेच हत्यार विरोधकांचे लेखन पुसण्यासाठीही वापरले गेले.

शिवीगाळ करणाऱ्याचे मात्र असे मोजमाप होत नाही. १९९४ च्या आरंभी सेर्दार आर्गिच असे नाव धारण करणाऱ्या कोणीतरी आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचा इन्कार करणारा मजकूर गटागटांतून ओतला. ‘टर्की’ हा शब्द दिसला की उत्तर हजर, मग तो शब्द मेजवानीतल्या पक्ष्याविषयी का असेना, असे सांगतात. लिहिणारा माणूस नसून यंत्र असावे असा त्यावरून तर्क झाला. त्याला उत्तरे देणाऱ्यांनी गोंधळात भरच घातली. अशा माणसाला वादात हरवता येत नाही, कारण त्याला वाद हवाच असतो. त्याला खाजगीत समज द्यावी, मग जाहीर ताकीद, मग काही काळ बंदी आणि अखेर दार बंद, हा क्रम जेथे आधी ठरवून पाळला जातो, तेथे कटुता कमी होते. पण हे काम नियमाचे नव्हे, विवेकाचे आहे. आडमुठा विरोधक आणि उपद्रवी यांतील फरक ओळखणारा, आपल्या निर्णयाचे कारण देणारा कोणीतरी लागतो. आणि हा कोणीतरी बहुधा बिनपगारी असतो.

आपल्याकडे हे काम कायद्याकडून करून घेण्याचा प्रयत्न झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाने ‘त्रास’ व ‘गैरसोय’ देणारे संदेशही गुन्हा ठरवले. त्रास म्हणजे काय, हे मात्र सांगितले नाही. २०१२ मध्ये पालघर येथे मुंबई बंदविषयी दोन ओळी लिहिणाऱ्या व त्या पसंत करणाऱ्या दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा या संदिग्धतेचा अर्थ देशाला कळला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले.

मग जबाबदारी कोणाची? २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले, की व्हॉट्सॲप गटाचा प्रमुख सदस्य घेऊ वा काढू शकतो. सदस्य काय लिहील हे त्याला आधी कळत नाही, म्हणून समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज दुसऱ्याच्या लिखाणासाठी तो दोषी ठरत नाही. निर्णय न्याय्य होता. पुढच्याच वर्षी मात्र गटप्रमुखाला कोणाही सदस्याचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय मिळाली. अधिकार वाढला, तो कसा वापरावा याची रीत घालून देण्याची तसदी फारच थोड्या गटांनी घेतली.

त्याऐवजी एक सोपी कळ हाताशी आहे. ‘फक्त प्रमुखच लिहू शकतील’ ही सोय २०१८ पासून उपलब्ध आहे. शाळेतील शिक्षकांच्या वा कचेरीतील कर्मचाऱ्यांच्या गटात एकाने दोनदा अद्वातद्वा लिहिले, की तिसऱ्या दिवशी ती कळ दाबली जाते. एकाला ताकीद देण्याचा संकोच वाटतो, म्हणून साठ जणांची तोंडे बंद होतात. त्यानंतर त्या गटात उरतात ती परिपत्रके, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सभेची वेळ. वेतनवाढीची, बदल्यांची वा निवडणुकीच्या कामाची जी शंका एखाद्या नव्या शिक्षिकेला चारचौघांत विचारायची असते, ती विचारायला आता जागा नाही.