घरातील वृद्धांच्या वागण्यातील बदल कसे ओळखावेत?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी बसली आहे की, घरातील आजी-आजोबा विचित्र वागू लागले तरी आपण तिच्यावर समाधान मानून गप्प बसतो. परंतु वयोमानाने येणारा विसराळूपणा आणि डिमेन्शिया अर्थात स्मृतिभ्रंश या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, भारतात साठ व त्यापुढील वयाच्या शंभर व्यक्तींपैकी सात जणांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख वृद्धांना हा विकार आहे. ग्रामीण भागात आणि ज्यांना शाळा लाभली नाही अशांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला शिक्षणाचे दार किती उशिरा उघडले हे पाहता, हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

या आजारात विसर पडतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण वागणूक बदलते हे ठाऊक नसल्याने घरात कलह माजतो. जेवून तास होत नाही तोच ‘सुनेने मला भाकर दिली नाही’ असे आजी शेजारी सांगते. गावात सुनेची बदनामी होते. वस्तुतः आजी खोटे बोलत नसते. जेवल्याची नोंदच तिच्या मेंदूत झालेली नसते. ट्रंकेत ठेवलेले पैसे आठवत नाहीत, म्हणून ‘चोरी झाली’ एवढाच अर्थ तिला उरतो. दिवेलागणीला काहीजण अस्वस्थ होतात व स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचे’ म्हणतात. रोजच्या शेतवाटेवर चुकणे, रोजचा स्वयंपाक न जमणे, व्यवहारात फसणे, एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे हीही लक्षणे होत. एका प्रकारात स्मरण बरे असूनही शांत माणूस शिवीगाळ करू लागतो, लाजलज्जा सोडतो. दुसऱ्या एका प्रकारात नसलेली माणसे व जनावरे दिसतात.

अशा वेळी ‘बाहेरची बाधा’ हा शब्द कानी येतो. आपल्याच जिल्ह्यातील सैलानी येथे दूरदूरचे लोक मनाचे आजार असलेल्या नातेवाइकांना घेऊन येतात. कोणाच्या श्रद्धेला दुखवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धिप्रामाण्याचा मार्ग दिला आहे. त्या मार्गाने जाणाऱ्याने प्रथम डॉक्टरांकडे जावे.

त्याला आणखी एक कारण आहे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, खिन्नता, काही औषधांचा परिणाम, पडल्यामुळे डोक्यात साचलेले रक्त यांमुळेही असेच वागणे दिसते व त्यावर उपचार होऊ शकतात. बदल एक-दोन दिवसांत अचानक झाला असेल तर लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बहुतेक स्मृतिभ्रंश मात्र पूर्ण बरा होत नाही. तरी निदान झाल्यास त्रास कमी करता येतो.

विद्यार्थी मित्रांनी येथे पुढाकार घ्यावा. दोन आठवडे वहीत लिहावे : काय घडले, किती वाजता, किती वेळा, आणि वर्षापूर्वी हीच व्यक्ती कशी वागत होती. निरक्षर आजीला तारीख वा पाढे विचारून परीक्षा घेऊ नये. तिची नित्याची कामे तिला जमतात का ते पाहावे. ही वही व चालू असलेली सर्व औषधे घेऊन मानसोपचार किंवा मेंदूविकार तज्ज्ञांना भेटावे. सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलिमानस व १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे.

घरी वाद घालू नये. ‘आत्ताच तर जेवलीस’ म्हणण्याऐवजी थोडे ताक वा फळ द्यावे. हरवलेली वस्तू सोबत शोधावी. खिशात नाव व फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. कोंडून ठेवू नये, मारू तर मुळीच नये. सेवेचा भार एकट्या सुनेवर न टाकता मुलांनी, लेकींनी, नातवंडांनी वाटून घ्यावा.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूकडे कोणीच पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वहस्ते स्नान घातले आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा होय, अशी शिकवण भिक्खूसंघाला दिली. मंडळाच्या प्रत्येक सभासदाने आपल्या वस्तीतील अशा एका तरी घरी जाऊन विचारपूस करावी, आणि त्या घरच्या सुनेचेही म्हणणे ऐकून घ्यावे, ही नम्र विनंती.

सप्रेम जयभीम!