सेल्फ मारला तरी गाडी उठत नाही, तेव्हा...



मंडळाच्या ज्येष्ठांसाठीच्या गाडीसेवेत आज ज्या गाड्या धावतात, त्या सगळ्या सभासदांनी दिलेल्या, आणि बहुतेक वीस वर्षांच्या आसपासच्या. कुणाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, कुणाला डायलिसिसला न्यायचं असतं. डायलिसिसच्या खुर्चीची वेळ ठरलेली असते. आपण उशिरा पोचलो तर तेवढा वेळ त्या आजोबांच्या उपचारातूनच कापला जातो. त्यामुळे पहाटे बर्फात गाडी कुरकुरली की आमच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी आम्ही काय तपासतो ते इथे सांगतो. तुमच्या घरच्या जुन्या गाडीलाही हेच लागू आहे.

आधी बॉनेट उघडू नका, कानोसा घ्या. इंजिन ‘घर्र... घर्र...’ असं रडतखडत फिरतंय का? नुसता ‘टक्’ आवाज येऊन शांतता? की इंजिन जोरात फिरतंय, पण पेटतच नाही? पहिल्या दोन प्रकारांत दोष विजेच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. तिसऱ्यात पेट्रोल, स्पार्क किंवा एखादा सेन्सर. ही फोड न करता पार्ट बदलत सुटलं की पैसे जातात आणि गाडी तशीच राहते.

सगळ्यांचा पहिला सल्ला एकच असतो, “नवी बॅटरी टाका!” कधीकधी तो बरोबरही असतो. कडाक्याच्या थंडीत, शून्य फॅरनहाइटला (म्हणजे उणे १८ सेल्सियसला), बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यानं इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. पण आधी मोजा. साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. मग दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि काटा, म्हणजे आता आकडाच, बघा. तो ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी संशयित. भरलेली असूनही घसरत असेल तर तिचे दिवस भरले. इथली बरीच ऑटो पार्ट्सची दुकानं बॅटरी फुकट तपासून देतात, त्याचा फायदा घ्या.

बॅटरी चांगली निघाली आणि तरी इंजिन हळू फिरतंय, तर खरी गंमत इथे आहे. रस्त्यावरच्या मिठानं केबलची टोकं आतून गंजतात. वरून केबल अगदी ठणठणीत दिसते! त्यासाठी फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ओढणी, मफलर पट्ट्यापासून लांब. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ फिरताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंगच्या वाटेत वीज अडतेय. मग पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टरचा मोठा बोल्ट; इथे ०.५ पर्यंत चालतं. जोडणी साफ करताना निगेटिव्ह केबल आधी काढायची, शेवटी लावायची. खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि वायर ब्रश, एवढ्यावर भागतं. डोळ्यांना चष्मा मात्र हवाच.

केबलही ठीक, तरी ‘टक्’? आता स्टार्टर. बऱ्याच जुन्या जपानी गाड्यांच्या स्टार्टरमध्ये तांब्याचे छोटे संपर्क असतात, ते झिजतात. दहादा किल्ली फिरवली की अकराव्यांदा चालू, हे त्याचं ठरलेलं लक्षण. अख्खा स्टार्टर बदलण्याआधी फक्त संपर्क मिळतात का, ते विचारा.

गाडी चालू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर अल्टरनेटर चार्जच करत नाही. नवी बॅटरीसुद्धा आठवड्यात उतरेल.

तिसरा प्रकार, जोरात फिरते पण उशिरा पेटते. किल्ली ‘ऑन’वर दोन सेकंद ठेवा, बंद करा, पुन्हा ‘ऑन’, आणि मग सेल्फ मारा. अशानं चटकन चालू झाली तर रात्रीतून पेट्रोलचं प्रेशर गळतंय असं समजा. फक्त गरम झाल्यावर अडत असेल तर क्रँक सेन्सर बघा. १९९६ पासूनच्या गाड्यांना इथे ओबीडी-२ चं सॉकेट असतं. साधा स्कॅनर लावला की थंड इंजिनचं तापमान कॉम्प्युटरला बरोबर कळतंय का, तेही दिसतं. बाहेर बर्फ आणि स्कॅनरवर इंजिन गरम, असं असेल तर सेन्सर खोटं बोलतोय.

या पुस्तिकेतून जमणाऱ्या निधीतला काही भाग बॅटऱ्या, केबल आणि टायर यांवर खर्च होणार आहे. जुनी गाडी द्यायचा विचार असेल तर सोबत एक चिठ्ठी जरूर ठेवा: गाडी थंड असताना त्रास देते की गरम असताना, आवाज कसा येतो, आणि बॅटरीवरच्या स्टिकरवर कोणता महिना आणि साल आहे.