‘वेठबिगार’ शब्द कुठून आला?

‘रोबोट’ हा शब्द चेक भाषेतल्या ‘रोबोता’वरून आला. रोबोता म्हणजे कुळांनी जमीनदाराच्या शेतात सक्तीने करायचे काम. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकामुळे तो जगभर गेला.

आपल्याकडे याच अर्थाचा शब्द आहे वेठबिगार. त्यातली ‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’पासून आली. दान दिलेल्या गावांना विष्टि माफ केल्याचे वाकाटकांच्या ताम्रपटांत वाचायला मिळते. ‘बिगार’ फारसीतून आला. राज्ये बदलली, भाषा बदलल्या, सक्ती तीच राहिली. गावकीच्या राबणुकीतून समाजाला सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. तिथे इंग्रजी मजकुरातही ‘बेगार’ हाच शब्द आहे.

आता बीडकडे पाहू. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांची मोजणी एका हत्याराने होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामात पुन्हा त्याच्याकडेच जावे लागते.

उचलीपोटी मजुराला काम सोडता येत नसेल, तर ती वेठबिगारीच. १९७६ च्या कायद्याने असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करता येते. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत हे सांगितले पाहिजे. कोयता हे हत्याराचे नाव आहे, माणसाचे नाही.

जय भीम!