जुन्या जीपचा जोड

रात्री घाटात वऱ्हाडाच्या जीपचे दिवे विझले, तर? दोष बहुधा टेप गुंडाळलेल्या जोडात असतो. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला खाणीतून निघणारे तांबे, कन्नडमधले ‘ताम्र’, तेच वायरीतही. ते काळे पडले की जोड तापतो, आगही लागते. नुसता पीळ पुरत नाही, मेकॅनिक काहीही म्हणो!

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. चकचकीत तांबे दिसेपर्यंत वायर मागे कापा. उष्णतेने आकसणारी स्लीव्ह आधीच ओवा, मागाहून ती चढत नाही. घट्ट पीळ देऊन वायर तापवा. सोल्डर वायरीच्याच उष्णतेने वितळला पाहिजे. फ्लक्स राळेचा घ्या, ॲसिडचा तांबे खातो. सोल्डरशेजारी वायर ताठ होऊन हादऱ्यांनी तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजू क्लिपने बांधा.