तोटी आणि कल्हई

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आधी ठोके ऐकू येतात, मग माणसं दिसतात. पेशवाईपासून इथे तांब्या-पितळेची भांडी घडत आली आहेत. कारागीर आता थोडे उरलेत, तरी बंब घडवणारं एखादं दुकान सापडतंच. पत्र्यावर हातोडी नाचताना बघायला मजा येते खरी, पण माझं लक्ष असतं तोटीकडे. भांड्याला भोक कुणीही पाडेल. त्या भोकाशी तोटी अशी बसवायची की बाजूने थेंबही झिरपता कामा नये, तिथे कारागिराचा कस लागतो.

आळीपासून दोन बोळ सोडून आमच्या काकांचं घर आहे. काकांच्या पोटालाही एक तोटी आहे. आतड्याच्या जुनाट दुखण्यात त्यांचं मोठं आतडं पूर्ण काढावं लागलं आणि लहान आतड्याचं शेवटचं टोक बेंबीच्या उजवीकडे, पोटावर बाहेर काढून शिवलं. डॉक्टर त्याला स्टोमा म्हणतात. ग्रीक शब्द आहे, अर्थ ‘तोंड’. तिथून बाहेर येणारं सगळं पोटाला चिकटवलेल्या पिशवीत साठतं, म्हणून घरात सगळे ‘काकांची पिशवी’ एवढंच म्हणतात.

मी तो स्टोमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा जखम दिसेल अशी मनाची तयारी केली होती. दिसलं भलतंच. आरशात आपल्या गालाची आतली बाजू बघा, तसाच लालबुंद रंग आणि तसाच ओलेपणा. आतड्याचं अस्तरच ते, उलटून बाहेर आलेलं. आणि ते हलत होतं! हळूच आकसायचं, सैल पडायचं, पुन्हा आकसायचं. तुमच्या-माझ्या पोटातही हे अखंड चालू असतं, आपण फक्त गुरगुर ऐकतो. काकांनी ओल्या कापडाने ते पुसलं तर कापडाला रक्ताचा टिपूस लागला. मी दचकलो, ते नाही. त्या अस्तराला रक्तवाहिन्या भरपूर, पण कापल्या-भाजल्याची वेदना कळवणारी सोय नाही. आतडं ताणलं गेलं की जीव जातो, पण वरून कुणी टोचलं तर त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून पहारा डोळ्यांनी ठेवायचा. रंग लाल-गुलाबी आहे तोवर रक्तपुरवठा नीट चाललाय. जांभळा किंवा काळपट पडला तर दवाखाना गाठायचा, उद्यावर ढकलायचं नाही.

आतडं पोटावर उघडून माणूस जगवता येतो हे तसं जुनंच. फ्रान्समधल्या ब्रेस्ट गावात 1793 मध्ये ड्युरे नावाच्या शल्यविशारदाने गुदद्वार नसलेल्या तान्ह्या बाळाचं मोठं आतडं पोटाच्या डाव्या बाजूला उघडलं. ते बाळ पंचेचाळीस वर्षांचं होऊन गेलं. ना भूल, ना जंतुनाशक, ना पिशवी.

लहान आतड्याची गोष्ट मात्र दीडशे वर्षं अडून राहिली होती. मोठ्या आतड्यातून येतं ते बऱ्यापैकी घट्ट असतं. लहान आतड्यातून येतो तो पातळ, अन्न पचवणाऱ्या रसांनी भरलेला ऐवज. त्या रसांना डाळीतलं प्रथिन आणि आपली कातडी यांतला फरक कळत नाही. पूर्वी आतड्याचं टोक कातडीच्या पातळीला शिवत. रस सभोवार पसरायचा, कातडी सोलवटायची, आतड्याची उघडी बाहेरची बाजूही सुजून तोंड बुजायला लागायचं. बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक यांनी 1952 मध्ये उपाय छापला, तो वाचून हसूच येतं. शर्टाची बाही दुमडतो तसं आतड्याचं टोक स्वतःवरच उलटं दुमडायचं आणि मग शिवायचं. दोन-अडीच सेंटिमीटरची चोच तयार होते, रस कातडीपासून लांब पडतो आणि आतड्याच्या बाहेरच्या बाजूला रसाचा वाराही लागत नाही. भांड्याची कड बाहेर वळवताना तांबट याहून वेगळं काय करतो?

तोटी झाली. राहिली कल्हई. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं हे आपल्या आज्यांना पाठ होतं, म्हणून धातू आणि आंबट यांच्यामध्ये कथलाचा पातळ थर हवा. कातडी आणि रस यांच्यामध्येही असा थर हवा होता, तोही ओल्यात टिकणारा. तो सापडला झाडाच्या डिंकात. अमेरिकेत क्लीव्हलँडचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी 1950 च्या दशकात कराया डिंक स्टोमाभोवती वापरून पाहिला. दाताची कवळी चिकटवायला लोक तो आधीपासून वापरत. तो पाणी पितो, फुगतो आणि चिकट गादीसारखा बसून राहतो. हा डिंक येतो कांडोळाच्या झाडातून. सातपुड्याच्या खडकाळ उतारांवर उन्हाळ्यात पानं झाडून उभं राहणारं, पांढऱ्या सालीमुळे चांदण्यात भुतासारखं दिसणारं ते झाड. जगाला कराया डिंक मुख्यतः भारतच पुरवत आला. आपल्या रानातला डिंक क्लीव्हलँडला जाऊन माणसांची कातडी वाचवत होता, आणि आपण मात्र त्या झाडाला भुताचं झाड म्हणत होतो! आता जिलेटिन, पेक्टिन आणि सेल्युलोजच्या चकत्या येतात, पण कल्पना तीच. चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना एका डॅनिश नर्सची. एलिझे सोरेनसेन हिची बहीण थोरा स्टोमा झाल्यावर घराबाहेर पडेना, म्हणून 1954 मध्ये तिने ती शोधली.

काका सांगतात, ऑपरेशनपेक्षा आदल्या दिवशी पोटावर स्टोमाच्या जागेची केलेली खूण महत्त्वाची. नर्सने त्यांना उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं. पट्टा कुठे बांधता, विचारलं. मांडी घालून बसवलं तेव्हा पोटाला घडी पडली आणि पेनाची खूण तिथून वर सरकली. घडीत, बेंबीशी किंवा जुन्या व्रणावर चकती धरत नाही. शिवाय जागा स्वतःला दिसली पाहिजे, नाहीतर पिशवी बदलणार कशी? पंगतीला बसणारा माणूस, परकराची नाडी आवळणारी बाई, कमरेला ढोल बांधणारा पथकातला पोरगा, प्रत्येकाचं पोट वेगळं नांदतं. खुर्चीवर बसवून खूण केली तर आपल्याकडे ती चुकायचीच.

मोठं आतडं रोज लिटर-दीड लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ परत ओढून घेतं. काकांकडे तो कामगार नाही, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांच्या अंगातलं पाणी लवकर आटतं. गंमत अशी की नुसतं पाणी ढोसून भागत नाही, उलट मीठच जास्त वाहून जातं. लहान आतडं साखर आणि मीठ जोडीने आत घेतं आणि पाणी त्यांच्या मागोमाग येतं. याच जोडीच्या भरवशावर दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याचे रोगी मीठ-साखरेच्या पाण्यावर वाचवले. काका ओआरएस घेतात, पेजेत मीठ टाकतात. पातळ व्हायला लागलं की भात, केळं, साबुदाणा. कोबी-राजम्याने पिशवी फुग्यासारखी होते. मक्याचे दाणे, ओलं खोबरं नीट न चावता गिळलं तर चोचीच्या अलीकडे अडकू शकतं. सिंहगडावर भर पावसात भाजलेलं कणीस खाऊन त्यांनी हा धडा घेतला. बाहेर येणं बंद, पोटात मुरडा, रात्र दवाखान्यात. तेव्हापासून गणपतीत उकडीचा मोदक एकच, आणि तो इतका चावून की काकू म्हणतात, “अहो, रवंथ करताय का?” बीट खाल्लं की पिशवीत लाल दिसतं. पहिल्यांदा दोघांनीही रक्त समजून रिक्षा बोलावली होती.

जुन्या घरातला संडास भारतीय पद्धतीचा. काका बुटक्या स्टुलावर बसतात, भांड्यात आधी कागद टाकतात म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, मग पिशवीचं टोक उघडतात. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, दिवसाला पाच-सहा वेळा. जास्त भरू दिली तर वजनाने चकती उचलते.

चकती बदलायची दर तीन-चार दिवसांनी, सकाळी काही खायच्या आधी, कारण तेव्हा चोच शांत असते. परवा मी शेजारी बसून बघितलं. काकांनी जुनी चकती ओढली नाही. एका हाताने कातडी दाबत दुसऱ्याने ती सोडवली. कोमट पाणी, साधं कापड. साबण, डेटॉल, खोबरेल काही नाही. तेलकट कातडीवर चकती धरत नाही. टॉवेलने टिपून कोरडं केलं. पुठ्ठ्याचा साचा काढला, नव्या चकतीवर ठेवून वाकड्या कात्रीने भोक कापलं. चोचीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं. फार मोठं झालं तर कातडी उघडी राहून कळकणार, लहान झालं तर आतडं घासणार. कापलेली कड त्यांनी बोटाने गुळगुळीत केली. रिकामी जुनी पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढला, म्हणजे ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताईंना आत काय आहे ते कळतं.

मग चकती बसवली, खालून वर दाबत नेली आणि तळहात तिच्यावर ठेवून गप्प बसले. हा चिकट थर अंगाच्या उबेनेच धरतो. पाच मिनिटं तरी हात हलवायचा नाही. बाहेर आळीतून ठोके येत होते. मी उगाच काहीतरी विचारायला गेलो.

“थांब रे जरा,” काका म्हणाले, “सांधा धरतोय.”