कावळा, फांदी आणि गिअरबॉक्सचं ऑइल

(या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे ‘म्हणजे काय ना’ बरेचसे कापलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात म्हणालो होतो, ट्रकच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलतोय, वाचलो तर सांगतो. तर वाचलो. ट्रकही वाचला. आज त्याचीच गोष्ट.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ट्रक म्हटलं की मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेला दहा चाकी डोळ्यांसमोर येतो. इथे टेक्सासमध्ये ट्रक म्हणजे पिकअप. पुढे माणसं, मागे उघडा हौदा. मी सेकंडहँड घेतलाय, 1,48,000 मैल चाललेला, म्हणजे जवळजवळ 2 लाख 38 हजार किलोमीटर. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. आधीच्या मालकाने त्यातलं ऑइल कधी बदललं होतं, याची एकही पावती नाही.

थंडीत सकाळी दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना ट्रक किंचित रेंगाळायचा. एका मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, “इतकं जुनं ऑइल असेल तर हात लावू नकोस. नवं घातलंस की महिन्यात गिअरबॉक्स जाईल.” आता इथे गिअरबॉक्स रीबिल्ड करायचा तर तीन-चार हजार डॉलर सहज जातात. माझा अख्खा ट्रक सहा हजारांचा. त्यामुळे मी घाबरलो, खोटं कशाला बोलू.

पण मग डोक्यात आलं की हे वाक्य आपण ऑफिसात रोज ऐकतो. “जुना कोड आहे, चालतोय ना? मग हात लावू नकोस.” ते दर वेळी चूक नसतं. पण दर वेळी बरोबरही नसतं. म्हणून आधी हे ऑइल करतं काय, ते समजून घेतलं.

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडायचं-तोडायचं काम तुमच्या डाव्या पायाखालचा क्लच करतो. ऑटोमॅटिकमध्ये ते काम टॉर्क कन्व्हर्टर करतो. त्यात ऑइल भरलेलं असतं आणि इंजिनची ताकद त्या ऑइलमधूनच पुढे जाते. गिअर बदलतात तेही ऑइलच्या दाबावर. आत क्लचच्या चकत्यांचे संच असतात. ज्या संचावर दाब येतो तो घट्ट आवळला जातो आणि त्याचा गिअर लागतो. कुठे दाब द्यायचा ते व्हॉल्व्ह बॉडी नावाचा भाग ठरवतो. बारीक बोळांचा चक्रव्यूहच म्हणा. म्हणजे हे ऑइल वंगण तर आहेच, शिवाय ते थंडावा देतं, दाब पोचवतं आणि चकत्यांनी किती घसरायचं, किती पकडायचं हेही ठरवतं.

हे शेवटचं काम सगळ्यात नाजूक. त्यासाठी ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर नावाची रसायनं घालतात. गंमत म्हणजे अमेरिकेत एके काळी या कामासाठी स्पर्म व्हेलचं तेल वापरायचे. 1970च्या दशकात व्हेलला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि केमिस्ट मंडळींना पर्याय शोधावे लागले.

आता हे ऑइल म्हातारं कसं होतं? मुख्य शत्रू उष्णता. मेकॅनिक लोकांचा जुना ठोकताळा असा, की साधारण 80 अंश सेल्सिअसच्या वर दर 11 अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. ट्रेलर ओढा, चढ चढा, टेक्सासच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये अडका, की तापमान चढतंच. ऑइल करपतं, चिकट थर धरतं, मॉडिफायर संपतात. वर चकत्यांची झिजलेली भुकटी त्यातच फिरत राहते.

मग नवं ऑइल घातल्यावर गिअरबॉक्स ‘जातो’ ही गोष्ट आली कुठून? विचार करा, लोक हे ऑइल बदलायला कधी नेतात? गिअर घसरायला लागल्यावर! तोवर चकत्या संपलेल्या असतात. ऑइल बदलतात, महिन्याभरात गिअरबॉक्स बसतो, आणि खापर फुटतं नव्या ऑइलवर. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. फांदी आधीच किडलेली होती.

पण मेकॅनिकच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते सोडू नका. नव्या ऑइलमध्ये साफ करणारी द्रव्यं ताजी असतात. वर्षानुवर्षांचा थर एकदम सुटला आणि त्या बारीक बोळांत अडकला, तर व्हॉल्व्ह अडकू शकतो. म्हणून जुन्या गाडीत मशीन लावून सगळं ऑइल एका दमात बदलण्यापेक्षा थोडं थोडं बदललेलं बरं.

त्याआधी तपासणी. डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. नवं ऑइल बहुतेक लाल असतं, कारण गळती ओळखता यावी म्हणून त्यात रंग घालतात. तपकिरी झालं म्हणजे लगेच संकट नाही. वास घ्या. करपल्यासारखा वास आणि काळा रंग, शिवाय इंजिनाचा आवाज चढतोय पण गाडी ओढत नाही, असं असेल तर ऑइलवर पैसे घालू नका, रीबिल्डसाठी साठवा. माझं तपकिरी होतं, करपलेलं नव्हतं. गिअर रेंगाळत होता, घसरत नव्हता. मी ठरवलं, करायचं.

आता थोडं गणित. माझ्या गिअरबॉक्समध्ये एकूण साधारण 12 लिटर ऑइल आहे, पण खालचं पॅन उघडलं की 5 लिटरच निघतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. म्हणजे एका वेळी 42 टक्के नवं. दुसऱ्यांदा केलं की 66, तिसऱ्यांदा 80. मी मध्ये काहीशे मैल चालवत तीन वेळा केलं.

पहिल्या वेळी पॅन काढलं. ऑइल कोमट हवं, उकळतं नको, हात भाजतो. ट्रकखाली शिरणार असाल तर जॅकवर कधीही विसंबू नका, खाली स्टँड लावा. पॅनमध्ये एक चुंबक असतं. त्यावर राखाडी चिखल असेल तर ती नेहमीची झीज. धातूचे तुकडे किंवा कपचे सापडले तर प्रकरण गंभीर. माझ्याकडे चिखलच निघाला. तो पाहून इतका आनंद आयुष्यात पहिल्यांदाच झाला!

फिल्टर नवा, गॅस्केट नवं, आणि मग बोल्ट. इथे माझी चूक होता होता राहिली. मॅन्युअलमध्ये आकडा इंच-पाउंडमध्ये होता आणि माझा पाना फूट-पाउंडचा. तोच आकडा लावला असता तर बारापट जोर पडून ॲल्युमिनियमचे आटे गेले असते. युनिट तपासा रे बाबांनो!

भरताना जितकं निघालं तितकंच मोजून घालायचं. जास्त झालं तर फेस होतो आणि दाब पडतो. मग ब्रेक दाबून एकेक गिअर काही सेकंद लावायचा आणि ऑइल गरम झाल्यावर, सपाट जागेवर पातळी बघायची. बहुतेक पिकअपमध्ये ही पातळी इंजिन चालू ठेवून बघतात. ऑइल कुठलं, तेही मॅन्युअलच सांगतं. डेक्स्रॉन, मर्कॉन, टोयोटाचं डब्ल्यूएस, सगळी लाल दिसली तरी एक नाहीत. जुनं ऑइल गटारात ओतू नका. इथली बरीच पार्ट्सची दुकानं ते फुकट परत घेतात.

पुण्या-मुंबईतल्या ऑटोमॅटिकवाल्यांनो, तुमची गाडी एएमटी, सीव्हीटी की ड्युअल क्लच, ते आधी बघा. प्रत्येकाचं ऑइल वेगळं. एएमटी तर मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच आणि गिअर फक्त मशीन चालवतं.

पाच महिने झाले. रेंगाळणं जवळजवळ गेलंय. उद्या गिअरबॉक्स बसला तर? बसू शकतो, 1,48,000 मैलांचं वय आहे त्याचं. पण तेव्हाही मी ऑइलला दोष देणार नाही. आधी त्या चुंबकाकडे बघेन.

तुमच्या टिश्यूवरच्या थेंबाचा फोटो पाठवा, पुढच्या भागात एकेक बघू. वास मात्र तुमचा तुम्हीच घ्या. भेटू!