जिप्सीचे नातेवाईक

पालिओ १.६ आज पौड रस्त्यावर दिसली तर मान वळवून बघून घ्यावी. पुन्हा दिसेलच असे नाही. २००१ साली फियाटने ही गाडी आणली तेव्हा लहान हॅचबॅकमध्ये शंभर बीएचपी हे नवल होते. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता, त्याच्या नावाने एस-१० ही ५०० गाड्यांची खास आवृत्तीही निघाली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, म्हणजे आपल्याच अंगणातली गाडी. तरी ती जवळजवळ संपली. उलट १९८५मध्ये आलेली जिप्सी, ९७० सीसी आणि जेमतेम ४५ बीएचपीची, मुळशी तालुक्यात ठिकठिकाणी भेटते. त्यांतल्या काही तर मूळच्या दुप्पट ताकदीने घाट चढतात आणि त्यांच्या मालकांनी त्यासाठी फार पैसे मोजलेले नसतात.

गेल्या तीसेक वर्षांतली स्वस्तातली 'मॉडिफाय' मंडळी आणि त्यांच्या गाड्या पाहत आल्यावर माझे मत असे झाले आहे की जुनी वेगवान गाडी तिच्या स्वतःच्या गुणांवर तगत नाही. ती तगते तिच्या साध्या, भरपूर खपलेल्या नातेवाइकांच्या जिवावर. भंगार बाजारात तुमच्या गाडीचे नातेवाईक किती, यावर तिचे पुढचे आयुष्य ठरते.

हा खेळ मारुतीच्या आधीपासूनचा आहे. प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. १९८५मध्ये प्रीमियरनेच ११८एनई आणली, तिच्यात निसानचे ११७१ सीसी इंजिन आणि खाली, जमिनीवरचा गिअर होता. ११८एनई ठोकली गेली की तिचे इंजिन-गिअरबॉक्स पद्मिनीत चढवायला मिस्त्री टपलेलेच असत. सोबत मारुती ८००च्या बकेट सीटा टाकल्या की मालकाला आपण परदेशी गाडीत बसलोय असे वाटायचे. कंपनीलाही पुढे हे सुचले, शेवटच्या शेवटच्या पद्मिनींना तिने स्वतःच खालचा गिअर दिला. मिस्त्री कंपनीच्या पुढे होते, असे म्हणायला हरकत नाही.

काँटेसाचेही तसेच. तिच्यातले इसुझूचे १.८ लिटर इंजिन हिंदुस्थान मोटर्सने नव्वदीच्या सुरुवातीला अँबेसेडरमध्येही घातले. काँटेसा २००२मध्ये बंद झाली, पण इसुझूवाल्या अँबेसेडर त्यानंतरही वर्षानुवर्षे निघत आणि मोडत राहिल्या. आज ज्या थोड्या काँटेसा धडधडीत चालतात, त्यांच्या पोटात कुठल्यातरी साहेबाच्या नाहीतर टॅक्सीवाल्याच्या अँबेसेडरचे काहीतरी असण्याची शक्यता दांडगी.

खरी चंगळ मात्र जिप्सीवाल्यांची झाली. सुझुकीच्या 'जी' मालिकेचे इंजिन मारुतीने कुठे कुठे वापरले ते पाहा. १९९३च्या झेनमध्ये ९९३ सीसी, १९९४च्या एस्टीममध्ये १२९८ सीसी, तेच इंजिन १९९६मध्ये जिप्सी किंगला आणि १९९९च्या बलेनोत त्याचाच १५९० सीसीचा, ९४ बीएचपीचा थोरला भाऊ. एस्टीम तर रॅलीवाल्यांचीही लाडकी, त्यामुळे तिच्या इंजिनातून ताकद कशी काढायची हे ज्ञान हातोहाती फिरत राहिले. साध्या घरांतल्या एस्टीम दहा-पंधरा वर्षे बाजारहाट करून कटिंगला, म्हणजे मोडीत, जायच्या आणि इंजिन जिप्सीत जायचे. ज्याला जास्त हौस, तो बलेनोचे इंजिन शोधायचा. अमेरिकेतही असेच झाले. तिथे जिप्सीचीच बहीण 'समुराई' नावाने विकली गेली आणि सुझुकी साइडकिकचे १.६ इंजिन समुराईत बसवणे हा तिथल्या जंगलवाटांवरच्या मंडळींचा आवडता उद्योग झाला. कुणी कुणाचे पाहून केले नव्हते. मालिकाच अशी होती की लोखंड आपोआप जुळत गेले.

आता 'जुळत गेले' म्हणणे सोपे आहे. एस्टीम-बलेनोत हे इंजिन आडवे बसते, जिप्सीत उभे. त्यामुळे तेलाचे चेंबर बदलावे लागते, नाहीतर ते पुढच्या अ‍ॅक्सलला भिडते. माउंटिंग नवीन करावी लागतात, इनटेक आणि सायलेन्सरचा पाइप वळवावा लागतो. ताकद वाढली की रेडिएटर अपुरा पडतो, आणि ताम्हिणी घाटात उन्हाळी दुपारी दुसऱ्या गिअरमध्ये हे लगेच कळते. मुळशीकरांचे सुदैव असे की पिरंगुट आणि उरवडे भागात कारखाने आहेत, त्यांच्या आधाराने लेथवाले आहेत. माउंटिंगची प्लेट कापणारा, फ्लायव्हील घासून देणारा, तुटलेला स्टड काढणारा माणूस पाच-दहा किलोमीटरच्या आत मिळतो. जिप्सीच्या मालकांत शेतकरी आहेत, रिसॉर्टवाले आहेत, लष्करातून निकाली निघालेली 'डिस्पोजलची' गाडी लिलावात घेतलेले आहेत, आणि अलीकडे हिंजवडीतले इंजिनिअरही बरेच. हिंजवडी याच तालुक्यात येते, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात राहत नाही.

माल कुठून यायचा? पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. तिथे इंजिन मिळेल या आशेने जाऊ नये, पण घड्याळाचा कन्सोल, हॅंडल, जॅक, एखादा दुर्मिळ दिवा हाती लागतो. जडजूड माल २०२५पर्यंत पिंपरी-चिंचवडकडे, कुदळवाडी-चिखलीच्या पत्राशेडमध्ये असायचा. आणि तिथेही नाही मिळाले तर मुंबई, कुर्ला पश्चिमेचा कपाडिया नगर आणि सीएसटी रोडचा भाग. बाजारातली भाषा ठरलेली असते, 'कटिंगचा माल आहे, पाणी लागलेलं नाही'.

या शेवटच्या वाक्याला इतिहास आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीकाठचे कुर्ले बुडाले. हजारो गाड्या पाण्यात गेल्या, विमा कंपन्यांनी त्या 'टोटल लॉस'मध्ये काढल्या आणि लिलावातून त्या भंगारात आल्या. त्यानंतर बाजारात दोन-तीन वर्षे नव्यासारखा माल होता, होंडा सिटीचे व्हीटेक इंजिनसुद्धा. बाहेरून चकचकीत, आतून पाणी प्यालेले. अशा वेळी प्लग काढून कंप्रेशन मोजायचे, डिपस्टिक बघायची, तेल दुधाळ दिसले की पाठ फिरवायची. वायरिंगच्या जोडण्यांत हिरवा गंज दिसला तर विक्रेत्याने दिलेला चहाही पिऊ नये, भीड पडते.

शहरातल्या रस्त्यावर वाढलेल्या मुलाला आधी इंजिन सुचते. मुळशीत राहणाऱ्याला उलटा क्रम, म्हणजे आधी ब्रेक, शिकावा लागतो, कारण पुढे ताम्हिणी आहे. मुळशी धरणाच्या कडेने जाणारा रस्ता घाटमाथा संपताच विळ्याकडे उतरतो. राज्यात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या जागांपैकी ही एक, आणि उतारावर पातळ चिखल वाहत असतो. तिथे वीस बीएचपी जादा असण्याचा उपयोग शून्य. उपयोग पडतो त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलच्या पुढच्या डिस्कचा, कॅलिपरचा, अँटी-रोल बारचा. भंगारातून घ्यायच्या वस्तूंत मी याच पहिल्या धरतो. त्या धातूच्या असतात, डोळ्यांनी आणि मापाने तपासता येतात, पैशाच्या मानाने फरक मोठा पडतो. मात्र ब्रेकचे होज, सील, टायमिंग बेल्ट, टायर हे भंगारातून घेऊ नये, कितीही नवे दिसोत. रबराला वय असते. आणि इथल्या पावसात राहिलेल्या गाडीची क्रॉसमेंबर हातोडीने ठोकून पाहावी. बद्द आवाज आला तर रंगाच्या खाली गंजच आहे.

सरळ रेषेतल्या वेगाची हौस असलेल्यांसाठी याच तालुक्यात अँबी व्हॅलीची धावपट्टी होती. 'व्हॅली रन' या ड्रॅग स्पर्धा गेल्या दशकात तिथे होत. कोट्यवधींच्या परदेशी गाड्यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. मला तिथले दुसरे टोक अधिक आवडे, रिकाम्या डब्यासारख्या आतून सोललेल्या एस्टीम आणि होंडा सिटी, ज्यांच्या निम्म्या वस्तूंवर अजून भंगारवाल्याने पिवळ्या खडूने लिहिलेला मॉडेल नंबर असायचा.

२००४ची ऑक्टाविया आरएस याच मापाने मोजा. १.८ टर्बो, १५० बीएचपी, त्या काळातली स्वप्नातली गाडी. ती तगून आहे, कारण शेंद्र्याच्या कारखान्यातून साध्या डिझेल ऑक्टाविया भरपूर निघाल्या. आरएसला दरवाजा, सस्पेन्शनचा आर्म, काच, डॅशबोर्ड हे सगळे डिझेलवाली पुरवते. फक्त टर्बो आणि इंजिनाचे कंट्रोल युनिट ती देत नाही, आणि मालक अडतो तो नेमका तिथेच. पालिओ १.६चे दुखणे याहून मोठे. पेट्रोल पिते अशी तिची ख्याती झाली, खप घसरला, सिएना आणि पेट्रा या तिच्या बहिणीही फार खपल्या नाहीत. रांजणगावला फियाटने पुढे पुंटो आणि लिनिया काढल्या, पण त्या वेगळ्या घराण्यातल्या.

अडचणी नंतर बाहेरूनही आल्या. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी हवी, आरसीवर नवा नंबर चढायला हवा. बिलाशिवाय घेतलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर काय होते, हे विचारायला नको. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२पासून ६००वरून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५मध्ये १०,००० केले गेले. वीस हजारांच्या झेनच्या मालकाला हा आकडा बोचतो. त्यामुळे गाड्या लवकर मोडीत निघतात, पण आता त्या अधिकृत केंद्रांकडे जातात, जिथे मुख्य लक्ष धातूवर असते. झेनचा गिअरबॉक्स हवा म्हणून उकिडवे बसून घासाघीस करायला तिथे कुणी जात नाही. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडीतली हजारो बांधकामे पाडली. तिथल्या आगी, धूर, अनधिकृत शेड पाहता कारवाईला कारण होते, हे मान्यच. पण एका दुपारीत तीन पिढ्यांच्या मारुती पाहता येतील अशी जागा पुन्हा उभी राहायला वेळ लागेल.

जिप्सी २०१९मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाली. तिच्या जागी जून २०२३मध्ये जिम्नी आली आणि जाणकारांनी आधी बॉनेट उघडून इंजिन पाहिले. ते के१५बी आहे, १४६२ सीसीचे, तेच जे सियाझमध्ये होते, २०१८च्या एर्टिगात होते आणि २०२०च्या ब्रेझात. हिंजवडीच्या रस्त्यावर सकाळी कंपनीच्या माणसांना ने-आण करणाऱ्या एर्टिगा मोजायला घेतल्या तर हात थकेल. त्यांतल्या बऱ्याच २०३५च्या आसपास मोडीत निघतील. इंजिन बहुधा बसवता येईल. इमोबिलायझर आणि ईसीएम एकमेकांना ओळख देतील का, हा प्रश्न राहतो, आणि तो पान्याने सुटणारा नाही. त्याला लॅपटॉप घेऊन बसणारा पोरगा लागेल. तसे पोरगे या तालुक्यात आता मिस्त्र्यांपेक्षा जास्त आहेत.